कोमट इंजिन

३ जून

रा. रा. व्याहीबुवांस,

सप्रेम नमस्कार. माझं पत्र पाहून तुम्ही दचकाल, म्हणून आधीच सांगते, इकडे सगळे सुखरूप आहेत. फोनच करणार होते, पण तुम्हाला कमी ऐकू येतं, आणि मी तुमच्यासाठी आवाज चढवला की वरच्या मजल्यापासून खालच्या दुकानापर्यंत सगळ्यांना आमच्या घरातलं कळतं. शिवाय उभा जन्म बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून गेला. तक्रार असेल तर ती लेखी द्यावी, ही सवय निवृत्त झाले तरी सुटलेली नाही.

तर तक्रार तुमच्या मुलीबद्दल आहे. तशी मुलगी सोन्यासारखी. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासते, दमून घरी येते, पण मला कधी उलटून बोलली नाही. मात्र गेल्या महिन्यात तुमच्याकडून ती खोकी आली आणि आमच्या घराची घडीच विस्कटली. मला वाटलं, जुनी भांडी असतील. उघडून बघते तर आगगाडी! रूळ, डबे, सिग्नल, पूल, आणि बोगदा असलेला तो एक पांढरा डोंगर. हे सगळं तिने जेवणाच्या टेबलावर मांडलं, ते आजतागायत तिथेच आहे. आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

चौतिशीची बाई, व्याहीबुवा! कामावरून येते, हात धुते आणि टेबलावर हनुवटी टेकून बसते. का, तर डोळे रुळांच्या पातळीवर आले की गाडी खरी वाटते म्हणे. गाडी बोगद्यातून बाहेर आली की टाळ्या वाजवते. माझा मुलगा विमा कंपनीत अधिकारी, अपघातांचे दावे तपासतो. त्याने बायकोला चार शब्द सुनवावेत, तर तो बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी हनुवटी टेकून बसलेला.

परवा माझी धाकटी बहीण आली होती. तिच्या जिभेचा प्रसाद तुम्हाला लग्नातच मिळाला असेल. टेबल बघून म्हणाली, "ताई, तुझ्या घरात पाळणा हलायच्या आधी आगगाडी हलली." सूनबाईने ऐकलं असणार, कारण गाडी तिथल्या तिथे थांबली. मला ते मुळीच आवडलं नाही.

आणि सगळ्यात गंभीर मुद्दा आता सांगते. ही गाडी वाटेल तेव्हा सुटते, वाटेल तेव्हा थांबते. एकदा तर निम्म्या वाटेत उभी करून सूनबाई आंघोळीला गेली. मी नोकरीत कुणासाठी गाडी क्षणभर थांबवलेली नाही. आमचे हे एकदा विसरलेला डबा आणायला मागे फिरले आणि धापा टाकत परत आले, तर मी त्यांच्या डोळ्यांदेखत शिट्टी वाजवून बस सोडली. अशा बाईच्या घरात हा प्रकार चालू आहे. यावर काहीतरी व्हायला हवं. उत्तर लेखी द्यावं.

आपली,
विहीणबाई


९ जून

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपलं पत्र वाचून मान खाली गेली. मुलीला बोल लावू नका, सगळा दोष माझा आहे.

ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. दिवस कसाही जायचा, पण संध्याकाळी दवाखाना बंद केला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. मी दातांचा डॉक्टर. मला गोष्टी सांगता येत नाहीत, गाता येत नाही, वेण्या तर मी अशा घालायचो की शाळेतल्या बाई पुन्हा सोडून घालायच्या. मग एक दिवस इंजिन, दोन डबे आणि थोडे रूळ आणले. बाकी सगळं आम्ही घरी केलं. कवळीसाठी जबड्याचा साचा घेतात ना, त्यातलं प्लास्टर उरायचं. आपण ज्याला पांढरा डोंगर म्हणता तो एका धिप्पाड गृहस्थांचा खालचा जबडा आहे, उलटा ठेवलेला. नीट पाहिलंत तर कड्यावर दाढा दिसतील. स्टेशनातले बाक टूथब्रशच्या दांड्यांचे आहेत. त्या टेबलाशी बसून ती पुन्हा हसायला लागली, हे मी विसरू शकत नाही.

ती मोठी झाली, लग्न होऊन आपल्याकडे आली, पण माझं खेळणं काही सुटलं नाही. यंदा दवाखाना बंद केला आणि मोठ्या भावाकडे राहायला आलो. दादा न्यायाधीश होता. निवृत्त झाला, पण निकाल देणं थांबलेलं नाही. एकदा त्याची मित्रमंडळी आली तेव्हा मी पलंगाखाली पालथा पडून रूळ जोडत होतो, नुसते पाय बाहेर. त्यांना वाटलं मला झटका आला. चौघांनी मिळून ओढून बाहेर काढलं, तर माझ्या मुठीत स्टेशनमास्तर. कुणी हसलं नसतं तर बरं झालं असतं, पण सगळे पोट धरधरून हसले. ते गेल्यावर दादा म्हणाला, "अडुसष्ट वय झालं, आता तरी मोठा हो." माझे कान गेले आहेत, पण दादाचं बोलणं मात्र अक्षर न् अक्षर ऐकू येतं.

त्याच आठवड्यात खोकी मुलीकडे पाठवली. सांभाळ म्हटलं होतं, मांड म्हटलं नव्हतं. तुमच्या घरात तिच्यावर शब्द यावा आणि तो माझ्या खेळण्यापायी, याचं मला फार वाईट वाटतं. दादाशी बोलून कायमची सोय लावतो. थोडा अवधी द्यावा.

आपला नम्र,
व्याही

ता.क. पुलानंतरच्या वळणावर, बोगद्यात शिरताना, शेवटचा डबा घसरतो का? सहज विचारलं.


१५ जून

व्याहीबुवांस सप्रेम नमस्कार.

पत्र पावलं. डोंगराविषयी खुलासा केलात ते बरं झालं. आता जेवताना त्या दाढा माझ्याकडे बघत असतात.

डबा घसरतो. रोज घसरतो. मी बघत बसते असं समजू नका, पण जेवायला तिथेच बसायचं म्हटल्यावर डोळे मिटून थोडंच जेवणार? मुलाने रीतसर चौकशी केली आणि विम्याच्या सवयीने सगळा दोष चालकावर ढकलला. चालक म्हणजे सूनबाई. मला ते पटलं नाही. चालकावर ढकलणं सगळ्यात सोपं, आगारात मी हे जन्मभर पाहिलं आहे. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. बोगद्याच्या छताला उजवीकडची एक दाढ खाली आली आहे, ती डब्याला घासते. दाढ तुमच्या खात्यातली, तेव्हा उपाय तुम्ही सांगा.

दुसरं, नाइलाजाने मला वेळापत्रक करावं लागलं. त्याशिवाय पाण्याचा जग कधी ठेवावा आणि कधी उचलावा हेच कळेना. सकाळची जलद, संध्याकाळची साधी, आणि जेवणाच्या वेळी एक मालगाडी. मालगाडीतून मीठ येतं. ज्याला हवं त्याने आपल्यासमोर आल्यावर घ्यायचं, हात लांब करायचा नाही. घोषणाही मीच करते, कारण सूनबाईचा आवाज पुरत नाही. हे सगळं केवळ शिस्तीसाठी आहे. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा मी त्या टेबलाकडे ढुंकूनही पाहत नाही, हे मुद्दाम नमूद करते.

महिनाअखेरीस बहीण राहायला येते आहे. तिच्या तोंडाला काय उत्तर द्यायचं तेही सुचवा.

आपली,
विहीणबाई


१६ जून

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपल्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे, कारण आनंदाची बातमी आहे. दादाने प्रश्न निकालात काढला. तुमच्याच गावातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक त्याच्या ओळखीचे निघाले. ते सगळी गाडी घ्यायला तयार आहेत. एक जुलैला त्यांचा माणूस येऊन घेऊन जाईल. कालच मुलीला कडक शब्दांत लिहिलं आहे की पत्र मिळताच सगळं उतरवून खोक्यांत भर.

आता आपलं टेबल आपल्याला परत मिळेल. दादा म्हणतो, सुटलास. मीही तसंच म्हणतो आहे.

आपला,
व्याही


२१ जून

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सांगितलंत म्हणून गाडी उतरवली. आईंनी सांगितलं असतं तर भांडले असते.

पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. तुम्हाला वाटतं आई गाडीवर चिडल्या आहेत. मी रोज संध्याकाळी घरी येते तेव्हा इंजिनाला हात लावून बघते, ते कोमट असतं. सकाळी स्टेशनात उभी केलेली गाडी पुलापलीकडे गेलेली असते. रुळांवर धुळीचा कण नसतो. परवा स्टेशनमास्तरच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेला तांदळाएवढा पांढरा मणी दिसला. ती शिट्टी आहे, बाबा. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. आमचं छान चाललं होतं.

मावशींचं बोलणं मला लागलं, खोटं कशाला सांगू? पण गाडी चालू झाली की ते मागे पडायचं. दिवसभर माणसांच्या आजारांचे आकडे लिहून आले की मला ते वळण बघायचं असतं. बाकी काही नको असतं.

तुम्ही मला पलंगाखाली शिरून रूळ जोडायला शिकवलंत. तेव्हा तुमचेही पाय बाहेरच असायचे. तुम्हाला लाज कधीपासून वाटायला लागली?

तुमची,
चिमणी


२२ जून

व्याहीबुवा,

नमस्कार वगैरे शेवटी.

काल भाजी घेऊन घरी आले तर टेबल रिकामं. पुसून लख्ख. खोकी दोरीने बांधून दाराशी उभी, आणि सूनबाई काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भाजी निवडायला बसली. रात्री आम्ही तिघं टेबलावर ताटं ठेवून माणसांसारखे जेवलो. मुलाने मीठ मागितलं, मी बरणी सरकवली, त्याने घेतलं. संपलं.

कुणी सांगितलं होतं हे तुम्हाला? माझं पहिलं पत्र काढा आणि चष्मा लावून वाचा. गाडी बंद करा असं त्यात कुठे आहे? गाडीला वेळ नाही, असं मी लिहिलं होतं. गाडीला वेळ नसेल तर वेळ लावून द्यायची असते, मार्ग बंद करायचा नसतो. प्रवाशांना सूचना न देता फेरी रद्द करण्याचा प्रकार माझ्या आगारात एकदाही झाला नाही, आणि तुम्ही आख्खा मार्ग गुंडाळलात!

त्यात बहीण आठवडाभर आधीच येऊन थडकली. टेबल बघून खूश. म्हणाली, "चला, तुझ्या सुनेला अक्कल आली." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अक्कल तिला होतीच. तू गप्प बसायला काय घेशील?" तेव्हापासून ती फुगून बसली आहे.

शाळेला नकार कळवा. ताबडतोब.

विहीणबाई

नमस्कार.


२७ जून

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपलं पत्र आणि मुलीचं पत्र एकाच दिवशी आलं. दोन्ही वाचून मी दारं लावून बसलो.

दादाला सांगून पाहिलं की शाळेला नाही म्हणू या. तो म्हणाला, "शब्द दिलाय. आणि कशासाठी मोडायचा? खेळण्यासाठी?" खरं सांगतो, अख्खी हयात मी भल्याभल्यांना तोंड उघडायला लावलं, पण दादासमोर माझंच उघडत नाही. मुलीने विचारलं आहे की लाज कधीपासून वाटायला लागली. त्या दिवसापासून, ज्या दिवशी सगळे हसले. त्याआधी मला ती गाडी म्हणजे खेळणं आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

शाळेतल्या मुलांना तरी आनंद होईल, अशी मनाची समजूत घालतो आहे. ती दाढ कानशीने हलकेच घासली तर डबा घसरणार नाही, एवढं त्यांना सांगा. एक तारखेला आपण घरी असालच. मी हतबल आहे. काय करायचं ते आपण ठरवा.

आपला,
व्याही


२ जुलै

व्याहीबुवांस सप्रेम नमस्कार.

ठरवायला सांगितलंत, ठरवलं. काल काय घडलं ते क्रमाने लिहिते.

शाळेचा शिपाई टेम्पो घेऊन आला. भला माणूस. खोक्यांना हात घालणार तोच मी खुर्ची घेऊन मध्ये बसले आणि विचारलं, गाडी कुठे मांडणार? तो म्हणाला, "मोठ्या सरांच्या खोलीत, काचेच्या कपाटात. ढाली आणि चषकांच्या शेजारी." मी विचारलं, चालवणार कोण? तो म्हणाला, "चालवायची कशाला, बाई? पाहुणे आले की बघायची. मुलांचे हात लागून मोडू नये म्हणून सरांनी कुलूपसुद्धा आणलंय."

झालं! ज्या मुलांच्या आनंदाने तुम्ही मनाची समजूत घालत होतात ती मुलं काचेला नाक लावून उभी राहणार होती. मी शिपायाच्या हाती मोठ्या सरांना चिठ्ठी दिली: "सदर गाडी सेवेत असल्याकारणाने देता येत नाही." सही केली, खाली जुना हुद्दाही लिहिला. माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसेना, म्हणून कपाटात ठेवून नुसतं बघायला काचेचा हंस दिला. हंस बहिणीने भेट दिलेला होता, आणि दिला तो तिच्या देखत. ती संध्याकाळीच घरी गेली. जाताना जिन्यावर बरंच बोलत होती.

मग खोकी उघडली. मुलगा रजा टाकून घरी थांबला होता, कारण विचारलं तर लाजला. रूळ जोडताना सूनबाई खाली मान घालून म्हणाली, "आई, इंजिन रोज संध्याकाळी कोमट का असतं हो?" जी बाई थेंबभर रक्तावरून माणसाचं सगळं ओळखते, तिच्यापासून काय लपणार? मी म्हटलं, दुपारची फेरी वेळापत्रकात लिहायची राहिली आहे. तिने पेन आणून दिलं. मग दोघी इतक्या हसलो की मुलगा घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आला. आमच्या घरात लग्नानंतर प्रथमच ती माझ्यासमोर अशी मोकळी हसली असेल. त्यासाठी टेबल गेलं तर गेलं.

आता तुमचं. डबा अजून घसरतो. दाढ घासायला मी कानस घेतली होती, पण दुसऱ्याच्या जबड्यात हात घालायचं धाडस झालं नाही. ते काम ज्याचं त्यानेच करावं. शनिवारी तुमच्याकडून एक बस निघते, ती संध्याकाळी इथे पोचते. मी आगारात चौकशी करून ठेवली आहे. तुम्हाला घोषणा आणि शिट्टी ऐकू येणार नाही, म्हणून उशीची एक हिरवी खोळ फाडून निशाण केलं आहे. तुमची खुर्ची बोगद्याच्या तोंडाशी आहे. हनुवटीखाली घ्यायला मऊ टॉवेल ठेवला आहे, कारण टेबलाची कड बोचते. हे मला कसं माहीत ते विचारू नका.

शनिवारी संध्याकाळची साधी गाडी तुम्ही येईपर्यंत सुटणार नाही. बसला उशीर झाला, रस्ता बंद असला, काहीही झालं, तरी ती स्टेशनात उभी राहील आणि मी निशाण घेऊन उभी राहीन. मी कुणासाठीही गाडी थांबवत नाही, हे तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तेव्हा काय ते समजा.

आपली,
विहीणबाई


६ जुलै

विहीणबाईंस सादर नमस्कार.

बसस्थानकावर बसून लिहितो आहे; पत्र माझ्यामागून पोचेल, पण उत्तर लेखी द्यायचं ठरलं आहे. पिशवी भरली आहे. कानस, वाटीभर प्लास्टर, आणि जुन्या साच्यांतला दुसऱ्या एका गृहस्थांचा वरचा जबडा घेतला आहे. त्याचा दुसरा बोगदा होईल.

पिशवी घेऊन बाहेर पडताना दादा व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. पेपर खाली करून, माझ्याकडे बघून, तो बराच वेळ काहीतरी बोलला. हातवारेही केले.

मला काही ऐकू आलं नाही.

गाडी थांबवून ठेवा. मी निघालो.

आपला,
व्याही